खोल्यांचे मडके

१

संध्याकाळी बोरजाई देवीच्या गाभाऱ्यात मतांची दोन मडकी ठेवून, दाराला कुलूप घालून आणि किल्ली गुरवाकडे देऊन विजयश्रीबाई घरी गेल्या होत्या. सकाळी तिसऱ्या पाळीचे कामगार मत टाकायला आले, तेव्हा तिथे एकच मडके होते. चुन्याची रेघ ओढलेले गावाचे मडके तोंडाला बांधलेल्या फडक्यासकट जागच्या जागी शाबूत होते. गेरूची रेघ ओढलेले खोल्यांचे मडके नाहीसे झाले होते.

चाकणच्या कारखान्यांच्या कुशीत बोरजाईवाडी नावाचे हे गाव आहे. गावाच्या शिवारात आता ज्वारीपेक्षा खोल्या अधिक पिकतात. पत्र्याच्या, एकीला एक लागून बांधलेल्या, आणि त्यांत लातूर-बीडपासून आलेली कामगारांची बिऱ्हाडे. हे गाव महापालिकेत घ्यावे असा सरकारचा विचार होता. असा विचार करताना गावाला विचारावे, अशी अट कायद्याने कोणावर घातलेली नाही. कायदा फार तर हरकती मागवतो; म्हणजे नागरिकाने कुरकूर करावी, तीही मुदतीत आणि विहित नमुन्यात. त्याला हवे आहे की नको, एवढा साधा प्रश्न विचारण्याचे धाडस कायद्याच्या अंगी नाही.

विजयश्रीबाईंनी उभा जन्म राज्यशास्त्र शिकवण्यात घालवला होता आणि निवृत्तीनंतर त्या पिंपरीच्या संत तुकाराम नगरात राहत होत्या. त्यांच्या वडिलांचे रान एका कारखान्याच्या आवारात गेले, तेव्हा वडिलांनाही कोणी काही विचारले नव्हते. त्या रानाच्या जागी आता साहेबांच्या गाड्या सावलीत उभ्या असतात. त्यामुळे बोरजाईवाडीच्या ग्रामसभेने “सरकार विचारत न्हाई, तर आपणच आपल्याला इचारू” असे ठरवून त्यांना पंच म्हणून बोलावले, तेव्हा बाई पहिल्या बसने आल्या.

कोणा एका साहेबाने लगेच निरोप धाडला, की मतपत्रिका छापाल तर ती बेकायदा निवडणूक ठरेल.

“मग छापू नका,” बाई म्हणाल्या. “ज्वारी आणि हरभरा मोजायला अजून परवाना लागत नाही.”

तेव्हा ठरले ते असे. गुरुवारी कंपन्यांना सुट्टी. त्या दिवशी, आणि तिसऱ्या पाळीसाठी दुसऱ्या सकाळीही, देवळात पडदा लावायचा. पडद्याआड दोन सुपे. गाव गावच राहावे असे वाटणाऱ्याने ज्वारीचा दाणा घ्यायचा, महापालिका हवी असणाऱ्याने हरभऱ्याचा. मूठ मिटून बाहेर यायचे, मूठ मडक्यात घालायची आणि आत उघडायची.

एकच वाद झाला. माजी सरपंच मारुतराव म्हणाले, “भाडेकरूंचं मत घ्या बाई, माझं काय म्हननं न्हाई. पण येगळ्या मडक्यात घ्या. गावाचा निकाल पावण्यांनी लावला असं व्हायला नगं.” नाहीतर भाडेकरूंना मतच मिळत नव्हते, म्हणून बाईंनी ते मान्य केले. मग मारुतरावांनी पारावर बसून सगळ्यांना ऐकू जाईल असे जाहीर केले, “खोल्यांच्या मडक्यात हरभरा जास्ती निघाला, तर दसऱ्याला समद्या खोल्या मोकळ्या करीन.” गावातल्या बहुतेक खोल्यांचे भाडे त्यांच्याच घरात येत असे.

आणि आता तेच मडके गेले होते.

“दारात राखणीला कोण हुतं?” मारुतरावांनी विचारले. गावाच्या वतीने मालोजी गुरव होता, खोल्यांच्या वतीने ज्योतीराम. मारुतरावांनी मालोजीकडे पाहिलेसुद्धा नाही. ज्योतीराम अहमदपूरकडचा, कंत्राटी कामगार, घरी बायको आणि तान्ही मुलगी. त्याच्याकडे बोट करून ते म्हणाले, “दसऱ्याला खोली खाली कर.”

“दसऱ्यापर्यंत मला वेळ द्या,” विजयश्रीबाई म्हणाल्या.

“दिला. मडकं आणा, न्हाईतर चोर आणा. दोन्ही न्हाई आणलं, तर चोर ह्योच.”

२

मडके हरवल्याचे दुःख करत दादासाहेब बाईंच्या आधीच पारावर येऊन बसले होते. जमिनींचे सौदे हा त्यांचा धंदा, गळ्यातली साखळी त्या धंद्याची पाटी.

“मॅडम, माझं नुकसान झालंय राव. खोल्यांचं मडकं म्हणजे निव्वळ हरभरा होता. कॉर्पोरेशनचं पाणी, दवाखाना, दिवे, कुणाला नको? आता आहे तेवढं गावाचं मडकं तरी मोजा.”

“अर्ध्यांचे मत मोजले तर त्याला मत म्हणत नाहीत, दादासाहेब.”

“तुम्ही फार वाचलेलं आहे हो,” ते सहानुभूतीने म्हणाले.

मारुतरावांचे दुःखही काही कमी नव्हते. “आवो, समदी ज्वारी हुती त्यात. मी बोललो तवा कुनाची छाती हाय हरभरा टाकायची? ते मडकं माझ्या बाजूचं हुतं. माझंच मडकं मी कशाला चोरू?”

बाईंना हसू आले आणि त्याच्या खालून रागही आला. एकाला लोकांच्या गरजेची खात्री होती, दुसऱ्याला त्यांच्या भीतीची. लोकांच्या मनाविषयी मात्र दोघांनाही काडीची जिज्ञासा नव्हती.

मालोजी गाभाऱ्यात घटापुढे दिवा नीट करत होता. त्याची कैफियत छोटी होती. “रातभर कुलूप हुतं. आमी दोघं दारात. पहाटं म्या कुलूप काढलं, तवा दोन्ही मडकी जागेवर हुती, डोळ्यानं बघितली. त्यानंतर कुनी आलं न्हाई.”

“कोणीच नाही?”

“न्हाई म्हंजी, घटस्थापना हुती न्हवं? बाया आल्या. घरचा घट बसवायच्या आधी कोरं मडकं देवीच्या पायाशी टेकवून न्यायची रीत हाय आमच्यात. समद्या गावच्या बाया. शालनआजीसुदिक आली, गुडघं धरीत. पर पुरुष मानूस एक न्हाई.” मग त्याने कोपऱ्याकडे बोट केले. तिथे एक कोरे मडके पालथे ठेवले होते. “आन बाया तरी कशा! त्या गर्दीत कुनीतरी हे हितंच इसरून गेली. आता मी काय दारोदार इचारीत फिरू?”

ज्योतीराम पायरीवर बसला होता. त्याने रात्रपाळीसारखीच जागून रात्र काढली होती आणि डोळे तसेच लाल होते.

“माझी पापणी नाही लवली, मॅडम. कंपनीत मशीनवर डुलकी लागली तर बोट जातंय, तशी सवय हाय आमाला. बोलंना का कुणी कायबी, मडकं माझ्यासमोरून कुणी नेलं नाही.”

“तू मत टाकलेस?”

“जिंदगीत पहिल्यांदा. गावाकडं यादीत नाव हाय, तर मतदानाला सुट्टी नाही. इथं सुट्टी हाय, तर यादीत नाव नाही. देवीपुढं मूठ उघडली तवा बरं वाटलं. म्हणलं, आपुनबी हाव कुणीतरी.” त्याने आवाज उतरवला. “काय टाकलं ते सांगू का?”

“नको,” बाई घाईने म्हणाल्या. “ते तू बायकोलाही सांगू नकोस.”

“तीबी नाही सांगत मला,” ज्योतीराम पहिल्यांदाच हसला.

पण बाई निघताना तो जे म्हणाला, ते त्यांच्या मनात काट्यासारखे राहिले. “मॅडम, एक इचारू? चोरानं गावाचं मडकं काहून नेलं नसंल? ते तर दाराच्या जवळ व्हतं.”

३

नवरात्राच्या माळा एकामागून एक चढत गेल्या, आणि बाई रोज पिंपरीहून येऊन गावभर फिरत राहिल्या. मडक्याची खापरीसुद्धा कुठे दिसली नाही. खोल्यांच्या दारांत मात्र बोचकी दिसू लागली होती. सगळ्याच खोल्या चोराला सामील आहेत आणि मडके न मिळाले तर सगळ्याच मोकळ्या करीन, असे मारुतराव आता म्हणत होते; तो शब्द दसऱ्याला खरा होणार, हे गृहीत धरून काही बिऱ्हाडांनी भांडी बांधायला घेतली होती.

ज्योतीरामाच्या खोलीत एकही बोचके नव्हते. त्याची बायको कौशल्याबाई मुलीला मांडीवर घेऊन निवांत पाय पसरून बसली होती.

“तुम्हाला काळजी वाटत नाही?”

“वाटती की. पण आजी म्हणल्या, दसऱ्यापस्तोर बांधाबांध करू नगंस.”

“कोण आजी?”

“शालनआजी. मालकाच्या आई.” कौशल्याबाईने मुलीचे टोपडे सारखे केले. “ही झाली तवा माझी माय येऊ शकली नाही. गावाकडं म्हशी सोडून येती कशी? तर आजींनी अंघोळी घातल्या, शेक दिला, डिंकाचे लाडू वळून आणले. भाडेकरणीचं बाळंतपण कोण करतंय, बाई? मालक वरडले तर त्यांना म्हणल्या, तू जलमलास तवा माझी पाठ कुणी रगडली ते मला ठावं हाय, तू गप.”

“दसऱ्यापर्यंतच का थांबायचे, ते सांगितले?”

“नाही. म्हणल्या, घट उठू दे.”

बाई उठल्या त्या सरळ पारावर जाऊन बसल्या. इतके दिवस त्यांनी प्रश्नच उलटा विचारला होता. निकाल कोणाला बदलायचा होता, हे त्या शोधत होत्या. पण निकाल बदलायचा असता, तर चोराने चार मुठी दाणे मिसळून मडके जागेवर ठेवले असते. दादासाहेबांना ते मडके उघडायला हवे होते आणि मारुतरावांनाही. दोघांनाही ते आपलेच वाटत होते. म्हणजे चोराला निकाल कोणत्याही बाजूने नको होता. खोल्यांनी काय ठरवले, हे कोणालाच कळू नये, एवढेच त्याला हवे होते. आणि ते कळल्याने ज्यांचे छप्पर जाणार होते, त्यांच्यावर त्याचा जीव होता.

म्हणूनच गावाचे मडके शाबूत राहिले. त्यात काय आहे ते कळून कोणाचेही घर जाणार नव्हते.

मग राहिले दार. दोन जागते राखणदार, आणि ‘कोणी आले नाही’. घटस्थापनेच्या पहाटे पदराखाली मडके घेऊन आत जाणारी आणि मडके घेऊन बाहेर येणारी बाई ही या गावातल्या पुरुषांच्या हिशेबी ‘कोणी’ नव्हतीच. आत एक मडके गेले, बाहेर एक मडके आले. आत गेलेले कोपऱ्यात पालथे पडले होते.

आणि एक बारीकशी गोष्ट. मतदानाच्या दिवशी मारुतराव म्हणाले होते, “आई येत न्हाई, तिचं गुडघं धरल्यात. तिचं न माझं काय येगळं हाय? तिचा दाना मीच टाकतो.” बाईंनी ते होऊ दिले नव्हते, म्हातारीचे मत राहूनच गेले. पण दुसऱ्या दिवशी पहाटे तेच गुडघे देवळाच्या पायऱ्या चढून आले होते.

बाई मारुतरावांच्या घराकडे निघाल्या. आपला तर्क खोटा ठरावा, असे त्यांना वाटेवर प्रथमच वाटले.

४

मारुतराव घरी नव्हते. शालनबाई देवघरात होत्या. “या बाई. बसा. च्या टाकते.”

“नको आजी. घटाचे दर्शन घेते.”

देवघरात काळोख होता आणि समईचा उजेड. काळ्या मातीच्या थरावर घट होता, वरून झेंडूच्या माळा सुटल्या होत्या. माती नेहमीपेक्षा बरीच पसरलेली, दोन पत्रावळी जोडून घातलेली. तीत धान्य वीतभर माजले होते, अंधारात वाढल्यामुळे पिवळसर, कोवळे, एकमेकांना धरून उभे.

बाईंनी हात जोडले. आपल्या आईचा घट त्यांना आठवला. गहू, ज्वारी, हरभरा, मूग, घरात जे जे असेल त्याची मूठमूठ. उगवायला लागले, की आई बोट लावून एकेक नाव सांगत असे. इथे पात्यासारखी सरळ उभी ज्वारी होती. बारीक पानांच्या डहाळ्या झुकवून हरभरा होता. आणखी काहीच नव्हते.

“आजी,” बाई हळूच म्हणाल्या, “यंदा गहू नाही पेरलात?”

वात सारणारा शालनबाईंचा हात थांबला.

घटाच्या काठावर खालच्या अंगाला, नीट पुसूनही न गेलेली, गेरूची एक फिकट रेघ होती.

कोणते रोप जास्त, हे डोळ्यांना कळण्याच्या आत विजयश्रीबाईंनी मान वळवली. पंचाला मोजण्याचा अधिकार असतो. चोरून पाहण्याचा नसतो.

“बघा की,” म्हातारी म्हणाली. “म्या न्हाई बघितलं. मला कळतच न्हाई, नजर कुठं हाय आता? पानी घालायचं तेवढं घातलं.”

“फेकून का दिले नाहीत, आजी? कोणाला कधीच कळले नसते.”

शालनबाईंनी त्यांच्याकडे असे पाहिले, की इतकी शिकलेली बाई आणि हे काय विचारते. “देवीम्होरं मुठीनं टाकलेला दाना, बाई. तो दळायचा कसा? कोंबड्यांना घालायचा कसा? एकेकाचं मन हाय त्यात. लांबून आलेली लेकरं, कुनी कधी इचारलं न्हाई त्यांस्नी. पयल्यांदा इचारलं तर भ्यात भ्यात टाकलेलं. म्हनलं, उगवू दे. जे हाय ते उगवू दे.”

“आणि ज्योतीरामावर आळ आला तो?”

म्हातारीचे डोळे भरले. “ते न्हाई सुचलं मला. पोरगा त्याचं नाव घील असं वाटलं न्हाई. त्याच दिशी बोलनार हुते, पर घट बसला हुता. बसलेला घट मधीच हलवत्यात व्हय? बोलले असते तर मारुतीनं लाथनं उडवला असता समदा. म्हनून कौशल्याला म्हनलं, दसऱ्यापतुर थांब.”

“पण दसऱ्याला मारुतराव खोल्या मोकळ्या करणार आहेत. त्यांनी शब्द दिला आहे.”

शालनबाईंनी पदराने डोळे टिपले आणि वात पुढे सारली. समईची ज्योत मोठी झाली.

“बाई, तुमी त्या दिशी समद्या गावाला इचारलं, काय पायजे म्हनून. लई चांगलं केलंत. पर त्या खोल्या कुनाच्या रानात हायत, हे कुनी इचारलंय का?”

५

दसऱ्याला कंपन्या बंद होत्या. देवळापुढे गाव एका बाजूला बसले आणि खोल्या दुसऱ्या. मध्ये माणूस जाईल एवढी वाट कोणी न सांगता सुटली होती. ज्योतीराम सगळ्यांत मागे उभा होता.

विजयश्रीबाईंनी आपला तर्क पायरीपायरीने मांडला. चोराला निकाल फिरवायचा नव्हता, लपवायचा होता. तो कुलपातून आला नाही, गर्दीतून आला. “आणि आपण सगळ्यांनी त्याला पाहिले. मालोजी, तुम्ही तर त्याला वाट करून दिलीत.”

“म्या?” मालोजीचा हात कानाच्या पाळीला गेला.

“मडकं कुठाय ते सांगा, बाई,” मारुतराव म्हणाले. “गोष्टी नगं.”

तेवढ्यात वाटेने शालनबाई आल्या. मागे कौशल्याबाई होती, डोक्यावर दोन्ही पत्रावळींची माती आणि तीत डोलणारे धान्य घेऊन. गाव पाहतच राहिले.

“मडकं घरात हाय, देवाजवळ,” शालनबाई म्हणाल्या. “म्या नेलं. हे त्यातलं दानं.”

दादासाहेबांना हसू आवरेना. “मारुतराव, तुमच्या तर घरातच—”

“तू हसू नगंस रं,” शालनबाई त्यांना म्हणाल्या. “जमिनी इकल्यास ढीगभर, कधी एक दाना पेरलास का? टोपी म्होरं कर.”

दसऱ्याला घट उठला की उगवलेले धान्य उपटून घरच्या माणसांच्या टोपीत खोवायचे, ही रीत सगळ्यांना ठाऊक होती. म्हातारीने चिमटीत येतील तसे तुरे उपटले, ज्वारी-हरभरा न पाहता, आणि दादासाहेबांच्या टोपीत खोवले. मग मालोजीच्या. मग गुडघे धरत मागे गेली आणि ज्योतीरामापुढे उभी राहिली. त्याच्या डोक्यावर टोपी नव्हती, म्हणून तिने तुरा त्याच्या कानावर ठेवला. “माझ्यापायी बोलनं खाल्लंस, लेकरा.”

“असू द्या, आजी,” तो म्हणाला.

शेवटी ती मुलाकडे आली. मारुतरावांचा चेहरा लाल झाला होता. “आई, माझी इज्जत... मी शब्द दिलाय. खोल्या आजच मोकळ्या—”

“खोल्या कुनाच्या रानात हायत, मारुती?”

“आपल्या.”

“माझ्या. माझ्या बापानं चोळीबांगडीला दिलेलं रान हाय ते. आजून माझ्याच नावावर हाय. तू भाडं घेतोस, घे. मी कधी बोलले न्हाई, तूबी कधी इचारलं न्हाई. पर माझ्या रानातनं बाळंतीन उठवायची, तर आदी मला उठव.”

मारुतरावांनी खाली पाहिले. मग त्यांनी डोके किंचित पुढे केले, शाळेतून आलेल्या पोरासारखे, आणि म्हातारीने तुरा खोवला. त्यात एक हरभऱ्याची डहाळी होती. ती कोणाची, हे आता देवीलाही सांगता आले नसते.

“मग निकाल?” कोणीतरी विचारले.

“निकाल नाही,” विजयश्रीबाई म्हणाल्या. “मडकी दोन होती, तेव्हाच मत गुप्त राहिले नव्हते. माणूस लपला होता, पण खोल्या उघड्या पडल्या होत्या. आज सुट्टी आहे, सगळे हजर आहेत. पुन्हा विचारू, एकाच मडक्यात. मारुतराव, तुमची हरकत?”

मारुतरावांनी टोपीवरचा तुरा चाचपला. “न्हाई.”

गावाच्या मडक्यातले दाणे न मोजता देवीच्या ओटीत गेले. नवे मडके शोधावे लागले नाही. कोपऱ्यातले कोरे मडके मालोजीने उचलून आणले. त्यावर चुना नव्हता आणि गेरूही नव्हता. पडदा लागला, सुपे भरली, उरलेले तुरे कौशल्याबाईने सगळ्यांना वाटले. मधली वाट रांगेने भरून गेली. रांगेत गावाचा कोण आणि खोल्यांचा कोण, हे ओळखायचे कसे, तुरे तर सगळ्यांच्याच डोक्यावर होते.

“पहिले मत राहिलेले आहे,” बाई म्हणाल्या. “या, आजी.”

शालनबाई पडद्याआड गेल्या. बराच वेळ लागला. सुपात हात फिरल्याचा आवाज येत होता. मग त्या मूठ मिटून बाहेर आल्या, आणि मारुतराव न राहवून पुढे झाले.

“आई, ज्वारीच न्हवं?”

“मारुती, मागं हो.”

तिने मूठ मडक्यात घातली, कोपरापर्यंत, आणि आत उघडली.